पहिली रिंग नामाशेठला

चंद्रशेखर गमरे यांच्या आयुष्यात जे काही वाकडं झालं ते फॉर्म भरताना झालं, असं त्यांच्या पत्नी अस्मिताबाई यांचं ठाम मत होतं. मत अगदीच निराधार नव्हतं. एकदा रेशनकार्डाच्या अर्जात त्यांनी स्वतःचं नाव 'कुटुंबप्रमुख' सोडून खालच्या 'इतर' या रकान्यात लिहिलं होतं आणि पुढची तीन वर्षं ते स्वतःच्याच घरात 'इतर' म्हणून राहिले होते. तरीही पावणे एमआयडीसीतल्या 'मढवी इंजिनीयरिंग'मध्ये फॉर्म भरायचं काम अठ्ठावीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. बाकी कोणाला फॉर्म वाचायलासुद्धा आवडत नसे, हे त्याचं एकमेव कारण.

मढवी इंजिनीयरिंग म्हणजे पाच लेथ, सोळा कामगार, पंपांना लागणारे फ्लँज आणि तीन मालक. थोरले देवजी शेठ, मधले गोटीराम शेठ, धाकटे दत्तू शेठ. देवजी शेठचे गुडघे दुखत, त्यामुळे ते केबिनमध्ये बसून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत वाचत. गोटीराम शेठ कारखाना चालवत. दत्तू शेठ आजूबाजूच्या गावांत क्रिकेटचे सामने असले की माईकवरून धावतं वर्णन करत आणि उरलेल्या वेळात 'मार्केटिंग बघत'. चौथी केबिन त्यांच्या वडिलांची होती. नामाशेठना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांची खुर्ची, त्यांचं टेबल आणि चंदनाचा हार घातलेला फोटो जागच्या जागी होता. केबिनला कुलूप असे. चावी तिघा भावांच्या मातोश्री काशीबाई यांच्याकडे. त्या दर अमावस्येला बोनकोड्याहून रिक्षाने येत, दार उघडून आत बसत आणि नवऱ्याला नैवेद्य दाखवून परत जात.

नामाशेठना फोन या वस्तूचा मनस्वी तिटकारा होता. जुन्या काळी ऑफिसात एकच फोन होता, तोही त्यांच्या टेबलावर. तो वाजला की ते हाक मारत, "गमरे, धरा ह्याला." मग गमरे शेजारच्या स्टुलावर बसून बोलत, मध्येच बोलायच्या बाजूवर तळहात दाबून विचारत, "शेठ, माल कधी म्हणून विचारतात." शेठ छताकडे बघून हिशेब करत आणि वर दोन दिवस वाढवून सांगत. गमरे म्हणत, "शेठ म्हणतात, बुधवारी." बुधवार म्हणजे बुधवार. बावीस वर्षं ही पद्धत बिनबोभाट चालली.

आता दिवस पालटले होते. गिऱ्हाइकं कमी झाली होती. एका पार्सलवाल्या कंपनीला गोडाऊनसाठी शेड हवी होती आणि गोटीराम शेठ त्या दिशेने बघायला लागले होते. त्यांनी गमऱ्यांना स्पष्टच सांगितलं, "ती मोठी पंपवाली कंपनी हाय ना, तिचं व्हेंडर रजिस्ट्रेशन झालं तर कारखाना चालवू. नाय झालं, तर दिवालीपासून शेड देऊन टाकू. उगाच टेन्शन कोन घेनार?"

गमऱ्यांचं वय छप्पन्न होतं. गोडाऊनला मॅनेजर लागत नाही, कुलूप लागतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी त्याच दुपारी रजिस्ट्रेशनचा ऑनलाइन फॉर्म उघडला. कामगारांच्या रकान्यात दत्तू शेठ 'चाळीस टाका' म्हणाले. गमऱ्यांनी सोळाच टाकले. तेवीस रकाने सुखरूप पार पडले. चोविसावा होता 'दूरध्वनी: कार्यालयाचा बोर्ड नंबर'. त्यात मोबाइल नंबर टाकला की रकाना लाल होई. तीनही मालकांचे मोबाइल टाकून झाले, तिन्ही वेळा लाल. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: कंपनीचा माणूस पूर्वसूचना न देता या नंबरवर पडताळणीसाठी फोन करील. तीन प्रयत्नांत योग्य उत्तर मिळालं नाही तर अर्ज रद्द.

अशा रीतीने मढवी इंजिनीयरिंगमध्ये ईपीएबीएक्स नावाचं टेलिफोनचं यंत्र बसवायचं ठरलं.

संध्याकाळी गमऱ्यांनी ही बातमी शेजारच्या मारोतरावांना सांगितली. मारोतराव मूळचे परभणीकडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सल्ला विचारावा लागत नसे. नुसतं दार उघडं ठेवलं तरी पुरे. "गमरे साहेब, मशीन कोणतं बी घ्या," ते म्हणाले, "पण लक्षात ठिवा, मशीन फोन फिरवतं, उचलत नाही. उचलायला माणूसच लागतो. आमच्या खात्यात एवढ्या लाइनी होत्या, एवढी मशिनं होती, पण तक्रार कशाची यायची? कुणी उचलत नाही याची." गमऱ्यांना हा सल्ला फारच प्राथमिक वाटला. त्यांनी चहा पिऊन विषय बदलला.

वाशीहून राजवर्धन नावाचा तंत्रज्ञ आला. पस्तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मोजकं. त्याने भिंतीवर एक पांढरा डबा लावला आणि सगळ्यांना गोळा करून तो कसा चालतो ते सांगितलं. बाहेरच्या लाइनी या डब्यात येतात. डब्यातून आतले आठ फोन निघतात, त्यांना एकवीस ते अठ्ठावीस असे नंबर. बाहेरून कोणी फोन केला की डबा स्वतः उचलतो आणि नमस्कार वगैरे म्हणतो. मग आतल्या फोनांना ओळीने शोधत जातो. पहिल्यावर तीन रिंग देतो; तिथे नाही उचलला तर दुसऱ्यावर तीन; तिथे नाही तर तिसऱ्यावर. आठव्यावरही कोणी नाही उचलला तर फोन कट.

"म्हंजे पयली रिंग कोनाकडं?" देवजी शेठनी वर्तमानपत्र खाली केलं. गुडघे धरल्यापासून त्यांनी कशासाठी वर्तमानपत्र खाली केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"ज्याला तुम्ही एकवीस नंबर द्याल त्याच्याकडे, सर."

देवजी शेठ थोरले. पण कामाचे फोन घेणारे गोटीराम शेठ. आणि मार्केटिंग दत्तू शेठचं. तिघंही एकमेकांना 'तूच घे, तूच घे' म्हणाले आणि तिघंही ते म्हणताना रागावलेले होते. प्रकरण असं होतं की बोलून कोणी दाखवणार नाही, पण एकवीस नंबर चुकीच्या टेबलावर गेला तर तिघं पुढची दोन वर्षं एका पंगतीला बसणार नाहीत.

इथे गमऱ्यांना युक्ती सुचली. आयुष्यात सुचलेल्या त्यांच्या फार थोड्या युक्त्यांपैकी ही एक, म्हणून तिची नोंद घ्यायला हवी. गेल्या मे महिन्यात गोटीराम शेठच्या मुलीचं, सोनलचं, लग्न झालं होतं. त्या पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर, यावर घरात पंधरा दिवस खल झाला होता. भावकीतल्या जाणत्या मंडळींनी बसून एक क्रम ठरवला होता आणि तो सगळ्यांनी मान्य केला होता. तोच क्रम फोनांना लावला तर कोण काय बोलणार? गमऱ्यांनी ड्रॉवरमधून ती लाल-सोनेरी पत्रिका काढली, राजवर्धनच्या हातात दिली आणि म्हणाले, "या क्रमाने टाका." मग ते समाधानाने जेवायला गेले.

जेवून आले तेव्हा राजवर्धनने सगळे फोन लावून वर यादी छापून भिंतीला चिकटवली होती. चावी मागवून वडिलांच्या केबिनमध्येही तो तार ओढून आला होता. गमरे यादी वाचत गेले. एकवीस: कै. नामा शेठ मढवी. बावीस: देवजी शेठ. तेवीस: गोटीराम शेठ. चोवीस: दत्तू शेठ. पंचवीस: कान्हा मामा, उरण. सव्वीस आणि सत्तावीस: दोन आत्यांचे यजमान. अठ्ठावीस: किलबिल. किलबिल म्हणजे पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या सोनलताईच्या लग्नाला यायचं हं' असं ज्यांच्या नावाने छापलं होतं ती नातवंडं.

"अहो, हे काय?" गमऱ्यांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"सर, तुम्ही लिस्ट दिली, मी टाकली," राजवर्धन म्हणाला. "आठ पोर्ट, आठ नावं. एकदम फिट बसली. सव्वीस-सत्तावीसचे फोन तार जोडून खोक्यांसकट कपाटात ठेवलेत, ते कुठे मांडू?"

गमरे काही बोलणार, तेवढ्यात देवजी शेठ गुडघे धरत वडिलांच्या केबिनच्या दारात आले. फोटोखाली कोराकरकरीत फोन होता. त्यावर '२१' अशी चिकटपट्टी. देवजी शेठनी हात जोडले. डोळे पुसले. "गमरे," ते म्हणाले, "पयला मान बाबांना दिलात. आमच्या तिघांच्या ध्यानात नाय आलं, तुमच्या आलं." गोटीराम शेठनीही हात जोडले. दत्तू शेठनी तर वाकून टेबलाला हात लावून नमस्कार केला. आता 'चूक झाली' म्हणायची सोय उरली नाही.

गमऱ्यांनी रात्री घरी जाऊन पत्रिका पुन्हा एकदा वाचली. त्यांचं स्वतःचं नाव कुठे आहे ते त्यांना बघायचं होतं. ते शेवटच्या ओळीत होतं: 'व समस्त मित्रपरिवार'. समस्त मित्रपरिवाराला एक्स्टेन्शन नव्हतं. ज्या माणसाने हा सगळा खटाटोप केला, ज्याच्या नोकरीसाठी तो चालला होता, त्याच्या टेबलावर फोन नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं. अस्मिताबाई म्हणाल्या, "रेशनकार्डावर होतात तसेच."

राहता राहिला डब्याने म्हणायचा नमस्कार. तो दत्तू शेठनी रेकॉर्ड केला, कारण माईकवर बोलायची सवय त्यांनाच. डब्यात जागा होती वीस सेकंदांची. राजवर्धनने हे दोनदा सांगितलं होतं. पण दत्तू शेठ माईकसमोर उभे राहिले की घड्याळ ही संस्था त्यांच्यापुरती बंद पडते. त्यांनी घसा खाकरून सुरुवात केली: "नमस्कार, नमस्कार, नमस्कार! बोनकोडे गावचे सुपुत्र, दानशूर व्यक्तिमत्त्व, आमचे प्रेरणास्थान स्वर्गीय नामा शेठ मढवी यांच्या आशीर्वादाने, तसेच मातोश्री काशीबाई यांच्या कृपेने…" आणि वीस सेकंद संपले. कंपनीचं नाव पुढे होतं, ते डब्याच्या बाहेर राहिलं.

चार दिवसांनी मोठ्या कंपनीची ईमेल आली. 'पडताळणी, प्रयत्न एक. सदर क्रमांकावर राजकीय स्वरूपाचे भाषण ऐकू आले. कंपनीची ओळख पटली नाही.'

गमऱ्यांनी त्याच दिवशी भाषण काढून टाकायला लावलं. दत्तू शेठ दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, तो तोटा त्यांनी सोसला. आता फोन थेट आतल्या फोनांवर जाणार होता. गमरे रोज सकाळपासून पॅसेजच्या मधोमध खुर्ची टाकून बसायला लागले. सोबत फाइल. कंपनीचा माणूस काय काय विचारू शकतो याचे एक्केचाळीस प्रश्न त्यांनी लिहून काढले होते आणि उत्तरं पाठ केली होती.

दुसरा फोन सोमवारी सव्वाअकराला आला. वडिलांच्या बंद केबिनमध्ये तीन रिंग वाजल्या. कोणी उचलणारं नव्हतंच. मग बावीसवर वाजली. देवजी शेठनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढून ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि रिसीव्हर उचलला. तोवर तीन रिंग संपून फोन पुढे गेला होता. "हॅलो! हॅलो!" देवजी शेठ गरजले. "माझा फोन कोनी खेचला?" तेवीसवर गोटीराम शेठचा हात रिसीव्हरवर होता, पण काचेतून त्यांना दिसलं की दादा कानाला फोन लावून बोलतायत. दादा बोलत असताना आपण मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी हात मागे घेतला. गमरे धावत तेवीसकडे पोचले तेव्हा चोवीस वाजत होता. ते चोवीसकडे वळले. दत्तू शेठ फोनकडे नुसते बघत बसले होते. गमऱ्यांनी हात पुढे केला तसा दत्तू शेठनी रिसीव्हरवर आपला पंजा ठेवला.

"गमरे, दोगं मोठे बसलेत ना! त्यांनी नाय उचलला, आनि मी उचलू? काय वाटंल त्यांना?"

पंचवीस कान्हा मामांच्या नावाने मांडलेल्या रिकाम्या टेबलावर वाजला. गमरे तिथे पोचेपर्यंत तो कपाटातल्या खोक्यात गेला होता. दोन्ही आत्यांचे यजमान खोक्यांमध्ये तीन तीन रिंग वाजले. गमऱ्यांनी कपाट उघडून एक खोकं फाडलं, तर अठ्ठावीसचा आवाज आला, तोही पाच लेथच्या घरघरीत, वर्कशॉपच्या टोकाला. गमरे धापा टाकत तिथे गेले. किलबिलचा फोन नुकताच गप्प झाला होता.

ईमेल तासाभरातच आली. 'प्रयत्न दोन. चोवीस रिंग वाजल्या. कार्यालय बंद असावे.'

गमऱ्यांनी राजवर्धनला फोन केला आणि आपल्या टेबलावर एकवीस नंबर द्या म्हणून गळ घातली. "देतो ना सर," तो म्हणाला, "आठही पोर्ट फुल आहेत. कोणाचं नाव काढू तेवढं सांगा." गमऱ्यांनी यादीकडे पाहिलं. किलबिल काढावी, तर ती रविवारी येऊन त्या फोनवर तासभर खेळून गेली होती आणि तिघंही शेठ खूश होते. मामांना काढावं, तर लग्नात रुसलेला मामा ज्याने पाहिलाय तो असल्या गोष्टी बोलतही नाही. आत्यांचे यजमान म्हणजे जावई. राहता राहिले बाबा. त्यांनी देवजी शेठकडे हळूच विषय काढला. देवजी शेठ एवढंच म्हणाले, "बाबांना वगलाचं?" गमऱ्यांनी विषय तिथेच सोडला.

मारोतराव त्या संध्याकाळी आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी "मी काय म्हणलो होतो?" असं विचारलं नाही, ही त्यांची मोठीच कृपा होती. फक्त चहा दोनदा मागितला.

शेवटी गमऱ्यांनी तिघा भावांना समोर बसवलं आणि मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. "शेठ, आता एकच फोन उरलाय. तो चुकला तर शेड गोडाऊनला जाईल. तुमचं भाडं चालू होईल. माझं काय होईल ते मी बोलत नाही." मग ठरलं: देवजी शेठनी वर्तमानपत्र वाचायचं नाही, हात रिसीव्हरवर ठेवून बसायचं, वाजला की उचलायचा आणि गमऱ्यांच्या हातात द्यायचा. दत्तू शेठच्या मोबाइलवरून फोन लावून तीनदा तालीम घेण्यात आली. तिन्ही वेळा देवजी शेठनी वेळेत उचलला. तिसऱ्या वेळी तर टाळ्याही पडल्या.

शुक्रवार उजाडला. त्या दिवशी अमावस्या होती, हे गमऱ्यांच्या लक्षात नव्हतं. ते अमावस्या मानत नसत. भूत, आत्मा, पितर यातलं काहीच मानत नसत. बोनकोड्याच्या बुद्धविहारातल्या अभ्यासवर्गात त्यांनी यावर भाषणही दिलं होतं. अकराच्या सुमारास काशीबाई आल्या. एका हातात तांदळाच्या भाकऱ्यांची भली मोठी टोपली, दुसऱ्या हातात सुकटीचा डबा. वर्कशॉपमध्ये एकेकाला भाकरी वाटून त्या नवऱ्याच्या केबिनमध्ये गेल्या आणि नेहमीसारखी आतून कडी लावून घेतली. नवराबायकोच्या बोलण्यात कोणी येऊ नये, म्हणून त्या कडी लावत.

अकरा वाजून वीस मिनिटांनी एकवीसवर रिंग वाजली.

गमरे फाइल उघडून देवजी शेठच्या टेबलाशी उभे राहिले. देवजी शेठचा हात रिसीव्हरवर घट्ट बसला होता. दारात गोटीराम आणि दत्तू. दुसरी रिंग वाजली. आता तिसरी, आणि मग इकडे. पण तिसरी वाजली नाही. बावीसही वाजला नाही. सगळे बावीसकडे बघत राहिले.

"कट केला वाटतं," दत्तू शेठ पुटपुटले.

तेवढ्यात बंद दाराआडून आवाज आला. "हॅलो. कोन बोलतंय?"

गमऱ्यांनी झेप घेतली आणि दारावर हात आपटले. "आई! दार उघडा! तो फोन माझ्याकडे द्या!"

"गप बसा रे पोरांनो," आतून आवाज आला. "फोनवर कोनतरी हाय." आणि मग पुन्हा फोनमध्ये: "हां, बोल बाला. मढवींचंच हाय. मी? मी नामाशेठची बायको. काशी."

गमऱ्यांनी दाराला कान लावला. तिघं भाऊ त्यांच्यामागे उभे राहिले.

"शेठ? हायेत ना. ह्ये काय, माझ्यासमोरच बसलेत… नाय रे, बोलाचे नाय त्ये. सा वरसं झाली, कोनाशीच बोलत नाय. पन आयकतात सगलं."

गमऱ्यांनी डोळे मिटले.

"कारखाना? दत्तू शालंत जाया लागला तवाचा हाय. आधी आमचा भात व्हता इथं. सरकारनं जमीन घेतली, तवा ह्ये बोलले, भात गेला तं गेला, आपन लोखंड पिकवू… मानसं? सोला. आताच भाकऱ्या मोजल्या ना मी, बत्तीस. मानशी दोन… लेथ पाच हायेत. चार बऱ्या हायेत, एक कुरकुर करते… हां, पोरं तिगं. चांगली हायेत. फक्त फोन कोनी उचलाचा त्याच्यावरून रुसतात."

दत्तू शेठ खाली बघायला लागले. देवजी शेठनी चष्मा पुसायला घेतला. गमऱ्यांच्या हातातल्या फाइलमधल्या एक्केचाळीस प्रश्नांपैकी चार येऊन गेले होते आणि एकाचंही उत्तर त्यांनी लिहिल्यासारखं नव्हतं.

"फोन कोन बगतं?" काशीबाईंनी पलीकडचा प्रश्न पुन्हा म्हटला. "फोनचं सगलं गमरे बगतात. ह्यांनी कवा फोन हातात धरलाच नाय. ह्ये सांगाचे, गमरे बोलाचे. गमरे बोलले ना, का ह्ये बोलले असंच समजाचं… हां. ठेव आता. भाकरी निवाली माझी."

कडी निघाली. काशीबाई दारात उभ्या राहिल्या आणि चौघांच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "कंपनीचा पोर व्हता. गोड बोलला. ह्यांची चौकशी करीत व्हता." गमरे तिथल्या तिथे स्टूल शोधून बसले. आता सगळं संपलं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. घरी गेल्यावर अस्मिताबाईंना काय सांगायचं याची वाक्यंही त्यांनी जुळवली. एकही धड जुळलं नाही.

दहा दिवस ईमेल आली नाही. गोटीराम शेठनी पार्सल कंपनीच्या माणसाला शेड दाखवली. तो टेपने लांबी-रुंदी मोजत असताना गमऱ्यांनी त्याच्यासाठी टेपचं दुसरं टोक धरलं. अकराव्या दिवशी सकाळी तो पुन्हा टेप घेऊन आला होता, तेव्हाच ईमेल आली. गमऱ्यांनी ती आधी स्वतःशी वाचली, मग तिघांना मोठ्याने वाचून दाखवली.

'प्रयत्न तीन. दोन रिंगांत उत्तर मिळाले. ज्येष्ठ मालक कार्यालयात उपस्थित होते. बोलण्यास उत्सुक नव्हते. त्यांच्या पत्नीने माहिती दिली. कामगारसंख्या व यंत्रसंख्या अर्जाशी जुळते. एका यंत्रात दोष असल्याचे न विचारता सांगितले, ही बाब समाधानकारक. नोंदणी मंजूर. संपर्क व्यक्ती: श्री. नामा मढवी. त्यांच्या वतीने श्री. गमरे बोलतील.'

गोटीराम शेठनी बाहेर जाऊन टेपवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. दत्तू शेठ 'श्री. गमरे बोलतील' हे वाक्य दोनदा माईकवरच्या आवाजात म्हणाले. देवजी शेठ एवढंच म्हणाले, "बाबांनीच केलं."

ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात अजून एक ओळ होती, ती गमऱ्यांनी मोठ्याने वाचली नाही. संपर्क व्यक्ती बदलायची असल्यास नवा फॉर्म भरावा. दूरध्वनी पडताळणी पुन्हा होईल. गमऱ्यांनी छापील कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये पत्रिकेखाली ठेवली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी न भरलेला हा पहिला फॉर्म.

काशीबाईंनी केबिनची चावी त्यांच्या हवाली केली. खुर्ची तशीच राहिली; शेजारी जुनं स्टूल आलं. भिंतीवरच्या यादीत 'कै. नामा शेठ मढवी'च्या पुढे देवजी शेठनी स्वतःच्या हाताने, पेनने लिहिलं: 'तर्फे गमरे'. गमऱ्यांनी ते बघितलं आणि चहा आणायला म्हणून बाहेर जाऊन थोडा वेळ रस्त्यावरच उभे राहिले.

त्या शुक्रवारी मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातून पहिला फोन आला. पहिल्याच रिंगला गमऱ्यांनी उचलला. "नामा मढवी आहेत का?" पलीकडून विचारलं. "दोनशे फ्लँज हवेत. कधी मिळतील?"

"समोरच आहेत. विचारून सांगतो," गमरे म्हणाले. आणि त्यांचा तळहात आपोआप रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूवर गेला. "शेठ, दोनशे फ्लँज, कधी म्हणून विचारतात," त्यांनी फोटोकडे बघून विचारलं. मग ते थांबले. पलीकडे वर्कशॉपमध्ये ती एक लेथ कुरकुरत होती. आपण खरोखरच उत्तराची वाट बघतोय हे ध्यानात आल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. विहारातलं भाषणही आठवलं. तरीही त्यांनी छताकडे बघून दिवस मोजले, वर दोन वाढवले आणि हात काढला.

"शेठ म्हणतात, बुधवारी."